मुघलांच्या वेशीवरचे किल्ले

१५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा कोंडीत सापडला होता. दिल्लीचा बादशहा हुमायून त्याच्यावर चालून येणार हे उघड दिसत होते. पाठीशी कोणीतरी असावे म्हणून त्याने समुद्रावरच्या बलाढ्य शेजाऱ्याशी, पोर्तुगीजांशी, करार केला. गव्हर्नर नुनो द कुन्हाच्या ‘साओ मातेउस’ या जहाजावर तह झाला आणि वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. पुढच्याच वर्षी हुमायून गुजरातेत उतरला, त्याने चांपानेर जिंकले आणि काही काळाने तो आल्या वाटेने परतलाही. वसई मात्र पुढे दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडेच राहिली.

पालघर जिल्ह्याचा किनारा पाहायला निघताना हा तह आधी सांगावा लागतो. मुघलांचा वारसा म्हटला की मराठी माणूस औरंगाबादकडे वळतो, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिचा मकबरा तिथे आहे आणि औरंगजेबाची साधी कबर जवळच खुलताबादेत. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात तसे काहीच नाही. ना मकबरा, ना चारबाग, ना पाणचक्की. तरीही शिरगाव, माहीम, केळवे, तारापूर, डहाणू अशी किल्ल्यांची जी माळ इथे उभी आहे, ती मुघलांच्या धाकावाचून समजत नाही. १५५९ साली पोर्तुगीजांनी दमण घेतले. १५७३ पर्यंत अकबराने गुजरात जिंकला आणि मुघलांची सरहद्द दमणच्या दारात येऊन भिडली. दमण ते वसई ही किनारपट्टी राखायची तर खाडीखाडीच्या मुखावर तोफा हव्यात, हे पोर्तुगीजांना त्यानंतर कोणी सांगायची गरज उरली नाही.

हा सगळा पट्टा आता मुंबईच्या आवाक्यात आला आहे. २०१३ च्या एप्रिलपासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. सकाळच्या गाडीने आलेला माणूस दोन किल्ले पाहून रात्री घरी परतू शकतो. आम्ही मात्र मुक्कामाच्या बेताने आलो होतो, आणि तसेच यावे. इथे दिवसाचे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते.

पालघर स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडले की थोड्याच अंतरावर पाचबत्ती लागते. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’च्या मोर्चावर गोळीबार होऊन पाच तरुण इथे हुतात्मा झाले. त्यांचे स्मारक चौकातच आहे. रोजची रहदारी त्याला वळसा घालून जाते. पुढे रस्ते फुटतात. एक माहीम-केळव्याकडे, दुसरा शिरगाव-सातपाटीकडे.

शिरगावचा किल्ला स्टेशनापासून सात-आठ किलोमीटरवर, समुद्राला लागूनच आहे. आकार लहान, जवळजवळ चौकोनी. भिंती मात्र अशा उंच आणि जाड की दारासमोर उभे राहिल्यावर तो आहे त्याहून मोठा वाटतो. दरवाज्यावरचा घुमटी असलेला मनोरा दुरूनच लक्ष वेधून घेतो. चारी कोपऱ्यांना बुरूज आहेत. जिन्याने तटावर चढले की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला माडांची बने आणि उत्तरेला सातपाटीचा कोळीवाडा दिसतो. हंगामात वलांड्यांवर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास तटापर्यंत येतो. या परिसरात एक झाड आवर्जून पाहावे: फांद्या फुटलेला ताड. ताड-माड सरळसोट वाढतात ही आपली समजूत हे झाड मोडीत काढते. गुजरात आणि उत्तर कोकणच्या किनारी या जातीची झाडे पूर्वीपासून आढळतात. गावात त्याला रावणताड म्हणतात आणि लोक कौतुकाने पाहुण्यांना ते दाखवतात.

किल्ला एवढा लहान का, हा प्रश्न इथे मनात येतोच. उत्तर त्याच्या कामात आहे. मोठे सैन्य ठेवून वेढा सोसण्यासाठी तो बांधलेलाच नव्हता. खाडीत शिरणारे गलबत थांबवणे, जकात घेणे, आसपासच्या वस्तीला हल्ल्याच्या वेळी आसरा देणे आणि शेजारच्या ठाण्याला इशारा देणे एवढ्यासाठी मोजकी शिबंदी पुरत होती. मोठी फौज वसईत आणि दमणला. मधली ठाणी एकमेकांच्या आधाराने टिकायची. म्हणूनच एखादा किल्ला एकटा पाहिला तर हाती फारसे लागत नाही. ओळीने पाहिले तर त्यांची रचना उलगडते.

माहीम हे या ओळीतले सर्वांत जुने नाव. मुंबईतही माहीम आहे, म्हणून याला केळवे-माहीम म्हणतात. ‘महिकावतीची बखर’ ज्या महिकावतीची, ती हीच की मुंबईची, यावर अभ्यासक पिढ्यान्पिढ्या वाद घालत आले आहेत. बिंब राजाची कहाणी, उत्तर कोकणात येऊन वसलेली कुळे, त्यांचे मान आणि वतने यांची ही हकीकत. तिच्या एका भागाचा कर्ता केशवाचार्य पंधराव्या शतकातला. वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली ती संपादून छापली आणि मराठी वाचकापुढे उत्तर कोकणचा एक अनोळखी काळ उघडा केला. माहीमकर या वादात कोणत्या बाजूला असतात हे सांगायला नको. महिकावती देवीचे देऊळ त्यांच्या गावात आहे आणि त्यांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटतो.

माहीमच्या किल्ल्याची अवस्था मात्र वाईट. तट ढासळलेला, झाडांची मुळे चिऱ्यांत शिरलेली. ज्या ठाण्यासाठी मराठ्यांची इतकी माणसे लढली आणि पडली, ते असे पडीक पाहून जिवाला लागते. दुर्गप्रेमी तरुण अधूनमधून येऊन झाडोरा काढतात, कचरा उचलतात. ‘किल्ले वसई मोहीम’सारख्या गटांनी या किनाऱ्यावर केलेले काम खरोखर मोलाचे आहे. पण मुळांनी उचकटलेला चिरा पुन्हा जागेवर बसवणे हे सुट्टीच्या दिवशी हौसेने करण्याचे काम नव्हे. त्याला चुन्याचा जाणकार लागतो, गवंडी लागतो आणि वर्षानुवर्षांची तरतूद लागते.

माहीमहून केळव्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पानमळे लागतात. इथले खायचे पान उत्तर हिंदुस्थानच्या बाजारात जाते. केळव्यात शितलादेवीचे दर्शन घेऊन समुद्रावर उतरले की सुरूच्या बनात भुईकोट दिसतो. कित्येक वर्षे तो वाळूत गाडला गेला होता. आता बुरूज मोकळे झाले आहेत, पण भोवतालची वाळू अजून तटाला टेकलेली आहे. वाळूने झाकून टाकले म्हणूनच हा कोट बराचसा टिकला असावा, असे त्याच्या कडा पाहताना वाटते.

खरे आकर्षण आहे पाणकोट. केळव्याच्या खाडीच्या तोंडावर, पाण्यातच, तो नांगरलेल्या गलबतासारखा उभा आहे. एका टोकाला नाळेसारखा निमुळता. ओहोटीला चालत जाता येते. किनाऱ्यावर मासळी निवडत बसलेल्या एका मावशींना विचारले तर त्यांनी समुद्राकडे नुसते पाहिले आणि म्हणाल्या, “आता जा, पन पानी फिरायच्या आत मागं या.” कोणतेही छापील कोष्टक यापेक्षा भरवशाचे नाही. चिखल, शंख-शिंपले, शेवाळलेले दगड तुडवत गेल्यावर आत तोफांसाठी ठेवलेल्या खिडक्या दिसतात. प्रत्येक खिडकीतून पाण्याचा वेगळा तुकडा नजरेच्या टप्प्यात येतो.

या खिडक्यांतून पोर्तुगीज शिपाई कोणाची वाट पाहत होता? व्यापाऱ्यांची, चाच्यांची आणि मुघल जहाजांचीही. जमिनीवर बादशहा कितीही मोठा असो, समुद्रावर त्याच्या जहाजालाही पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागे. या परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणत. तो नसेल तर जहाज पकडले जाई. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली हजला निघाली तेव्हा सुरतेत ती सुमारे वर्षभर अडकून पडली. परवान्यासाठी दमणजवळचे एक गाव पोर्तुगीजांना द्यावे लागले, असे सांगतात. बाबराची लेक, हुमायूनची बहीण, हिंदुस्थानच्या बादशहाची आत्या, आणि तिलाही परक्याच्या कागदाची वाट पाहत किनाऱ्यावर बसावे लागले. मुघल साम्राज्याची ताकद नेमकी कुठे संपत होती हे या एका घटनेतून जितके लख्ख दिसते तितके दरबारी इतिहासातून दिसत नाही.

१६१३ मध्ये तर प्रकरण युद्धावर गेले. जहांगीरची आई मरियम-उझ-जमानी हिचे ‘रहीमी’ नावाचे प्रचंड जहाज हजच्या यात्रेकरूंची ने-आण करी. परवाना जवळ असतानाही पोर्तुगीजांनी ते सुरतेजवळ पकडून गोव्याला नेले. बादशहाच्या आईचे जहाज! जहांगीरने आग्र्याचे चर्च बंद केले, पाद्र्यांचा तनखा थांबवला आणि मुकर्रबखानाला दमणवर पाठवले. पोर्तुगीजांनी उलट गुजरातच्या बंदरांवर जाळपोळ केली. १६१५ ला तह झाला, पण तोवर इंग्रजांनी सुरतेत पाय रोवले होते आणि त्याच वर्षी त्यांचा वकील टॉमस रो हिंदुस्थानात उतरला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याला मिळालेली ही जागा पुढे किती महाग पडली ते आपण जाणतोच.

दमणला वेढा पडला की माहीम, तारापूर, डहाणूची ठाणी जागी होत. मुघल फौजेची धाड दक्षिणेकडे सरकली तर पहिला मार त्यांनाच बसणार. औरंगजेबाच्या दख्खनच्या स्वारीत हा धाक दुसऱ्या दिशेनेही आला. कल्याणचा मुघल सुभेदार मातबरखान १६९० नंतरच्या काळात वसईच्या मुलखात घुसू लागला. म्हणजे उत्तरेला गुजरातचे मुघल आणि पूर्वेला कल्याणचे मुघल. मधल्या अरुंद पट्टीत हे किल्ले. जंगलाच्या बाजूला आशेरीगडावर पोर्तुगीजांनी पाय रोवले होते, तेही याचसाठी आणि तिथल्या सागासाठी. त्या लाकडाची जहाजे होत. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून मनोर-चारोटीच्या दरम्यान हा कातळमाथ्याचा डोंगर दिसतो. वर अजून पोर्तुगीज राजचिन्हाची शिळा आहे.

ही सगळी व्यवस्था मोडली ती मराठ्यांनी. १७३७ ला चिमाजी अप्पांची मोहीम सुरू झाली. ठाणे आणि साष्टी लगेच हाती आली, पण उत्तरेची ठाणी चिवट निघाली. माहीमच्या पहिल्या वेढ्यात मराठ्यांना बरीच माणसे गमावून मागे यावे लागले. केळव्याच्या दक्षिणेला, दांडा खाडीच्या बाजूस मराठ्यांनी याच मोहिमेत भवानगड उभारला. पोर्तुगीज ठाण्यांच्या घडीव चिऱ्यांपुढे त्याचे बांधकाम घाईचे दिसते, आणि ती घाई खरीच होती. अखेर १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पा स्वतः या भागात उतरले. माहीम पडले, त्यापाठोपाठ केळवे आणि शिरगाव. तारापूरने मात्र शेवटपर्यंत झुंज दिली.

बोईसर स्टेशनाबाहेर पडल्यावर तारापूर म्हणजे आधी एमआयडीसी. औषधांचे, रसायनांचे, पोलादाचे, कापडाचे कारखाने आणि बिहार-उत्तर प्रदेशापासून आलेले कामगार. त्यातून बाहेर पडून किनाऱ्याकडे गेले की दक्षिणेला अणुशक्ती केंद्र. देशातले पहिले अणुवीज केंद्र ऑक्टोबर १९६९ मध्ये इथे सुरू झाले. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. अशा शेजारात सोळाव्या शतकातला किल्ला आहे हे रिक्षावाल्यालाही दोनदा सांगावे लागते.

किल्ला १५९३ चा मानतात. खाडीच्या मुखाशी, समुद्राकडे तोंड करून. तट आजही भक्कम आहे, बुरूज शाबूत आहेत. आत वाडी आहे: नारळ, चिकू, विहिरी. जागा खासगी आहे, तेव्हा विचारून जावे. वाडीवरच्या माणसाने आम्हाला आपुलकीने आत घेतले आणि तटावर चढायची वाट दाखवली.

या तटाला शिड्या लावून आणि सुरुंग पेरून मराठे १७३९ मध्ये आत शिरले. हातघाईची लढाई झाली. बाजी भिवराव रेठरेकर इथे गोळी लागून पडले. पेशव्यांच्या घरोब्यातला, बाजीराव-चिमाजींचा जिवलग माणूस. त्यांच्या मृत्यूने चिमाजी अप्पा हेलावले आणि बाजींच्या आईचे सांत्वन करणारे पत्र त्यांनी लिहिले. वसईचा विजय आपल्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येतो. त्या विजयाची किंमत तारापूरच्या तटाखाली अशी मोजली गेली होती. बाजी भिवरावांच्या नावाचा एक साधा दगड इथे असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. मे महिन्यात वसई पडली आणि १५३४ च्या त्या तहाने सुरू झालेला अंमल संपला.

तारापूरची गोष्ट इथे थांबत नाही, उलट तिचा सर्वांत नवलाचा भाग पुढेच आहे. या गावात विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे पारशी बंधू झाले. किनाऱ्यावरच्या जकातीचे मक्ते घेत घेत त्यांची पेढी वाढली. पुढे तारापूरच्या किल्ल्याचा ताबाही याच घराण्याकडे आला. १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबईला आणण्याची सुरुवात त्यांच्याच पेढीने केली. मग ते निजामाच्या राज्यात सावकार झाले, मोठमोठ्या मुलखाचा वसूल त्यांच्याकडे आला आणि औरंगाबादच्या टांकसाळीत पेस्तनजींनी पाडलेले रुपये ‘पेस्तनशाही’ म्हणून चालू लागले.

निजाम स्वतंत्रपणे राज्य करत असला तरी १८५७ पर्यंत त्याच्या नाण्यांवर दिल्लीच्या मुघल बादशहाचेच नाव असे. म्हणजे मुघलांना अडवण्यासाठी ज्या गावात तट उभा राहिला, त्याच गावातल्या माणसाने अडीचशे वर्षांनी मुघल बादशहाच्या नावाचा रुपया पाडला, आणि तोही औरंगजेबाचे नाव मिळालेल्या शहरात. पुढे दरबारकडचे कर्ज थकले आणि एवढी मोठी पेढी कोसळली. सिकंदराबादेत १८४७ साली या बंधूंच्या नावाने झालेली अग्यारी आजही आहे. तारापुरातही पारशी वस्तीच्या खुणा आहेत: रुंद ओट्यांची घरे, अग्यारी, बंद दारे. माणसे मुंबईला आणि त्याहून दूर गेली.

खाडीपलीकडे चिंचणी. इथे गेल्या शतकाच्या मध्यास राष्ट्रकूट काळातले ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजानच्या मुलखावर तेव्हा मुहम्मद नावाचा अरब अधिकारी होता. ताम्रपटात त्याचे नाव ‘मधुमती’ असे येते. त्याने खाडी ओलांडायला फुकट होडी ठेवली, वाटसरूंसाठी अन्नछत्र घातले आणि भगवती देवीच्या मठाला जमीन दिली जाण्यास संमती दिली. बाबराच्या सहाशे वर्षे आधी! मुसलमान आणि कोकण म्हटले की आपल्या मनात थेट स्वाऱ्या येतात. या पत्र्यावर भात, तूप आणि नावेची व्यवस्था कोरलेली आहे. हा पुरावा या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत पोचला पाहिजे.

चिंचणीच्या पुढे वरोर, आणि मग वाढवण. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. सुमारे ७६ हजार कोटींचा हा प्रकल्प आहे. मासेमारीचे क्षेत्र जाणार म्हणून कोळी, आदिवासी आणि डाय म्हणजे साचे घडवणाऱ्या कारागिरांची गावे त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढत आली आहेत. वरोरच्या रस्त्यावर त्यांचे फलक दिसतात. समुद्रावर कोणाचा परवाना चालणार, हा या किनाऱ्याचा वाद पुन्हा जिवंत आहे, फक्त या वेळी बाजूला उभी असलेली माणसे इथलीच आहेत. त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायला थांबले पाहिजे.

पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला जिल्ह्याचे नवे, प्रशस्त मुख्यालय झाले आहे. रोज शेकडो माणसे दाखल्यांसाठी, सातबाऱ्यासाठी तिथे येतात. तिथलेच एक दालन या किनाऱ्याला द्यावे. चिंचणीच्या ताम्रपटाची प्रतिकृती, एक पेस्तनशाही रुपया, पाणकोटाचा नकाशा, रहीमीची हकीकत आणि १७३९ च्या मोहिमेचा मार्ग एवढे जरी तिथे मांडले तरी पुरे. तोवर निदान शिरगाव, माहीम आणि केळव्याच्या दारात नीट मजकुराचे मराठी फलक लागावेत. पाणकोटाच्या फलकावर भरती-ओहोटीच्या वेळाही लिहाव्यात.